मातृभाषेपुढची कोरी जागा

मंगळवार, रात्री

लेकीने शाळेचा फॉर्म सहीसाठी टेबलावर ठेवला होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं तिच्या तिरक्या अक्षरात भरलेलं. ‘मातृभाषा’ या शब्दापुढची जागा तेवढी कोरी. एका शब्दापुरती आखलेली रेघ. मी पेन उघडलं आणि सवयीने माझ्या भाषेचं नाव लिहायला निघाले. पहिलं अक्षर काढायच्या आधी हात थांबला. आजवर असे कितीतरी फॉर्म मी भरले आणि प्रत्येकात माझीच भाषा लिहिली. तिच्या बाबाने कधी हरकत घेतली नाही. त्याची खरंच हरकत नव्हती की तो नुसता बोलला नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

मी तिला म्हटलं, “एक जागा राहिलीय गं.”

“राहिली नाहीये. ठेवलीय.”

एवढंच. पुढे काही विचारायचा मला धीर झाला नाही. पंधरा वर्षांची आहे ती. या वयात तिला ज्याचं उत्तर द्यायचं असतं तेच ती देते.

झोप येईना म्हणून वाचत बसले. अमेरिकेच्या जनगणनेत एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची मुभा पहिल्यांदा २००० साली मिळाली आणि त्या वर्षी सुमारे ६८ लाख लोकांनी तशी खूण केली. ही माणसं काही त्या एका वर्षात जन्मली नव्हती. त्याआधीच्या जनगणनांमध्ये त्यांनी काय केलं असेल? आईला टाकलं असेल की वडिलांना? आणि मुलं लहान असताना त्यांच्या वतीने हे कोणी ठरवलं असेल? माझ्यासारखंच कोणीतरी, पेन हातात घेऊन, फारसा विचार न करता.

गुरुवार

एक गोष्ट इथे लिहून ठेवायलाच हवी, कारण ती अजून मी तिच्याशी बोललेले नाही.

गेल्या महिन्यात ती आधी माझ्या आईशी फोनवर बोलत होती आणि लगेच दुसऱ्या आजीशी. माझ्या आईशी बोलताना तिचा आवाज चढतो, ती मध्येच तोडते, हट्ट करते, तक्रारी सांगते. दुसरा फोन लागला आणि आवाज खाली आला. वाक्यं लांब झाली, समोरून बोलणं पुरं होईपर्यंत ती थांबायला लागली, हसणंसुद्धा वेगळं. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, “भाषा बदलली की तू अख्खी बदलतेस. यातली खरी तू कोणती?” माझ्या मते मी कौतुक करत होते. ती काही न बोलता उठून गेली. तेव्हापासून दोन्ही आज्यांचे फोन ती दार लावून घेते.

या बदलण्याला मानसशास्त्रात ‘फ्रेम स्विचिंग’ म्हणतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांना आधी चिनी किंवा अमेरिकी संस्कृतीची ओळखीची चित्रं दाखवली आणि मग थव्याच्या पुढे पोहणारा एक मासा. तो पुढे का आहे, असं विचारलं. अमेरिकी चित्रं पाहिलेल्यांचा कल माशाच्या स्वतःच्या मनात कारण शोधण्याकडे झुकला, चिनी चित्रं पाहिलेल्यांचा मागच्या थव्यात शोधण्याकडे. मुलं सगळी हाँगकाँगचीच, वेगळी होती ती फक्त आधीची चित्रं, ढोंग कुठेच नाही.

माझ्या जिव्हारी लागलं ते मात्र २००२ मधलं काम. व्हेरोनिका बेनेट-मार्टिनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की, आपल्या दोन संस्कृती एकमेकींशी जुळतात असं ज्यांना वाटतं, ती माणसं समोर जे असेल त्याच्याशी सहज जुळवून घेतात. ज्यांना त्या दोन्ही एकमेकींविरुद्ध उभ्या वाटतात, ती उलट दिशेला जातात. चिनी चित्रं दाखवली की त्यांचं उत्तर अमेरिकी वळणाचं आणि अमेरिकी दाखवली की चिनी.

म्हणजे माझ्या लेकीचा आवाज फोनागणिक सहज बदलत होता, ते तिचं सगळं ठीक असल्याचं लक्षण असू शकतं. आणि मी तिथे जाऊन विचारलं की खरी कोणती. दोघींपैकी एक खोटी असल्याशिवाय हा प्रश्न पडतच नाही.

शनिवार

आज पाहुणे होते. जाताना नेहमीचं वाक्य आलंच, “अर्धी इकडची, अर्धी तिकडची, किती छान!” लेक हसली. तिला ‘अर्धी’ हा शब्द किती टोचतो ते आता मला कळतं. बोलणारा प्रेमाने बोलतो, पण ऐकणारीला दर वेळी उरलेल्या अर्ध्याचा हिशोब द्यावा लागतो.

दोन्हीकडची माणसं हे करतात. कपाळ आमच्यावर गेलंय, राग तुमच्यावर गेलाय. चांगल्या गुणावर दोघांचा हक्क, वाईट गुण पलीकडचा. तान्ह्या बाळाबद्दल असं बोललेलं चालून जातं. पंधराव्या वर्षी, जेव्हा ते मूल स्वतःच आरशासमोर उभं राहून हेच शोधत असतं, तेव्हा प्रत्येक शब्द त्याच्यावर ओरखडा काढतो.

एरिक एरिक्सन यांचं लहानपण मला सारखं आठवतंय. किशोरवयातल्या ‘आयडेंटिटी क्रायसिस’बद्दल जगाला सांगणारा हा माणूस १९०२ साली जर्मनीत जन्मला. आई डॅनिश ज्यू. जन्मदाते वडील कोण हे त्याला कधीच कळलं नाही, वाढवलं ते ज्यू सावत्र वडिलांनी. उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा हा मुलगा ज्यू मुलांमध्ये परका ठरायचा आणि शाळेतली मुलं त्याला ज्यू म्हणून चिडवायची. पुढे अमेरिकेचं नागरिकत्व घेताना, १९३९ साली, त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतः निवडलं. त्याची ही गोष्ट माहीत झाल्यावर त्याचे सिद्धांत मला अगदी वेगळे वाटायला लागले. चिडवलं जाणं आत कुठेतरी धरून ठेवलेल्या माणसाने ते लिहिलेत.

त्याच्या मांडणीवरून जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. त्यातल्या दोनच माझ्या डोक्यात राहिल्यात. एका अवस्थेत शोध चालू असतो, निर्णय झालेला नसतो. दुसरीत निर्णय पक्का असतो, पण शोध कधी घेतलेलाच नसतो. घरातून जे मिळालं ते तसंच अंगावर चढवलेलं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की ती अडकलीय आणि मी स्थिर आहे. मी तरी माझी भाषा, माझे सण, माझं बोलणं-वागणं कधी शोधायला गेले होते? ते मला आयतं मिळालं. तिच्या बाबाचंही तेच. आम्ही दोघं आपापल्या घरात एका जातीचं, एका भाषेचं बालपण जगून मोठे झालो आणि मग एकत्र आलो. या घरात जन्मापासून राहिलेली ती एकटीच आहे. आम्ही दोघं इथे बाहेरून आलोय. तिला वाट दाखवायला निघालेल्या मला ती वाटच माहीत नाही, कारण त्या वाटेवर मी कधी चाललेच नाही.

रविवार

ती आज आपणहून येऊन बसली. फॉर्म हातात. कोऱ्या जागी तिच्या बाबाच्या भाषेचं नाव लिहिलेलं.

मला वाईट वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, खूप वाईट वाटलं. तिला पहिले शब्द मी दिले. झोपवताना माझीच भाषा कानावर पडायची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुझी भाषा आपण दिवसभर बोलतो, आई. शाळेत, खाली, सगळीकडे. बाबाची इथे फक्त मी बोलते. मीही लिहिली नाही, तर ती कुठेच नसेल.”

“पण मातृभाषा म्हणजे…”

“आईचीच का?”

मला उत्तर आलं नाही. आतल्या खोलीत तिचा बाबा कागद आवरत होता. त्याला ऐकू गेलं असणार, कारण कागदांचा आवाज थांबला.

मी सही केली. मग म्हणाले, “त्या दिवशी फोननंतर मी जे विचारलं, ते चुकीचं होतं.”

“माहितीये,” ती म्हणाली आणि फॉर्म घेऊन उठली. थोड्या वेळाने तिच्या खोलीतून आवाज यायला लागला, खालच्या पट्टीतला, थांबत थांबत बोलणारा. दुसऱ्या आजीचा फोन होता. दार अर्धवट उघडं होतं.