रोपवाटिकेची फाइल

महाबळेश्वर तालुक्यात बँकेचा कृषी अधिकारी म्हणून काम करताना एक गोष्ट लगेच कळते: खोल्या बांधायला कर्ज मागितलं की फाइल पळते. मे महिन्याचा दर, दिवाळीचा दर, झाला प्रस्ताव. पावसाळ्यात त्या खोल्यांचं काय, हे कुणी विचारत नाही. मार्च २०२० मध्ये ऐन हंगामात लॉकडाऊन लागला आणि खोल्या न् रस्त्याकडेचे स्ट्रॉबेरीचे स्टॉल एकदमच बसले. शेती हा दुसरा आधार म्हणायचा, पण गिऱ्हाईक तेच!

म्हणून भिलारकडच्या एका पोराचा अर्ज पाहून मी खूश झालो. त्याला खोल्या नको होत्या, स्ट्रॉबेरीची रोपवाटिका हवी होती. वर पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, म्हणून पसरणी घाट उतरून वाईजवळ शेडनेट. परदेशातून आलेल्या मदर प्लांटला, म्हणजे मूळ रोपाला, रनर म्हणजे जमिनीवर सरपटणारे फुटवे फुटतात, एकेक रनर पिशवीत टेकवायचा, मुळं धरली की आईपासून तोडायचा. सप्टेंबरात लागणीला रोप तयार.

पाहणीला गेलो तेव्हा त्याने एक रोप उपटलं आणि नखाने मुळांवरचा त्याचा गड्डा उभा चिरला. आत पांढराशुभ्र. "इथं तांबूस दिसलं की रोग, लॉट गेला, साहेब." आमच्या मूल्यांकन करणाऱ्या माणसाने तोवर फक्त शेडनेटचे पाइप मोजले होते.

वडील मात्र गप्प होते. निघताना म्हणाले, "ही रोपं तिकडं नाशिकच्या सुरगाण्याला जाणार. उद्या सापुताऱ्याच्या रस्त्यावर त्यांची स्ट्रॉबेरी विकली जाणार. मग आपल्याकडं कोण थांबंल?"

"आबा, ते लावतायतच की. रोप कुणाकडनं घ्यायचं एवढंच राहिलंय."

मला दोघांचंही पटलं, हीच अडचण आहे. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे फळाचं नाव इथंच राहतं, रोप कुठंही जातं. पण पर्यटक आला नाही तरी लागण चुकत नाही, हा पोराचा हिशेब खोडता येत नाही.

मी शिफारस लिहिली. हप्ते महिन्याचे नकोत, रोपं विकली की एकरकमी घ्या, असंही लिहिलं. वरच्या कार्यालयातून फाइल शेऱ्यासह परत आली: "हंगामात अपेक्षित पर्यटकसंख्या नमूद करावी."

शून्य लिहिलं तर प्रस्ताव पडतो. रकाना कोरा ठेवला तर फाइल पुन्हा परत येते. लागण तोंडावर आली आहे आणि पोराचा रोज फोन येतो.