क्लासच्या जुन्या पीसीचा ज्युकबॉक्स : काम कुठवर आलं

बाबांच्या भजनाच्या कॅसेटी नंबर दाबून वाजवणारा डबा (ज्युकबॉक्स) जुन्या पीसीतून बनवतो आहे, आधी मशीन सांगतो. आर्वीकडच्या आमच्या गावात एमएससीआयटीचा क्लास होता, तो बंद पडला तेव्हा तिथले पीसी भंगाराच्या भावात निघाले, त्यातला एक मी उचलला. पेंटियम ड्युअल कोर ई५३००, जी३१ चा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम. आज यावर ब्राउझर उघडला तर चहा पिऊन या, पण गाणं वाजवायला हे लय झालं, एमपी३ डिकोड करताना सीपीयू जवळपास झोपलेलाच असते.

मला नेमकं काय पाहिजे ते पहिलेच ठरलेलं होतं. मॉनिटर ठेवायचा नाही. समोर फक्त आकड्यांचा छोटा यूएसबी कीपॅड, कॅसेटचा नंबर दाबा, एंटर मारा, भजन सुरू. कारण बाबांच्या सगळ्या कॅसेटींवर त्यांनीच शाईच्या पेनानं नंबर टाकलेले आहेत अन् कोणत्या नंबरात काय आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी भजनं, काही बाजारातून घेतलेल्या, काही लग्नात न् सप्त्यात टेप ठेवून भरलेल्या. फोनवरचं ॲप दाखवलं तर चष्मा वर करून पाहिलं अन् बाजूला सारलं. "नंबर दाबला का लागते, एवढंच ना? मंग चालते." झालं, डिझाइन फायनल.

उघडल्यावर आत रुई निघाली. क्लासच्या बाजूच्या खोलीत सीझनला कापूस भरलेला राहायचा (भाव येईपर्यंत आपल्याकडं घरोघरी तेच), त्याचे तंतू पंख्यानं वर्षानुवर्षं ओढलेले, सीपीयूच्या हीटसिंकवर अक्षरशः गादी तयार झाली होती. नुसत्या ब्लोअरनं ते निघत नाही, पंखा खोलून चिमट्यानं ओढून काढावं लागते. थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली, ती खरडून नवीन लावली. रॅमचे पाय खोडरबरनं घासले. मागच्या स्लॉटच्या पट्ट्या गायब होत्या, तिथून उंदीर शिरते, म्हणून पत्र्याचे तुकडे कापून बसवले. बोर्डवर सीपीयूजवळचे दोन कॅपॅसिटर फुगलेले होते ते बदलले. डोकं सपाट असलं तर ठीक, वर आलेलं दिसलं की बदलाच, चालते तवर चालू देऊ असं करू नका, हे मरताना बोर्डपण घेऊन जाते.

आता लाइटीचा विषय, कारण आपल्याकडं अर्धा प्रोजेक्ट हाच आहे. दिवसातून किती वेळा जाईल त्याचा नेम नाही, अन् संध्याकाळी शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० च्या खाली येते. घरी इन्व्हर्टर आहे. त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण असते, तो मोड लावला तर चेंजओव्हर इतका पटकन होते की पीसी बंद पडत नाही, पण त्या मोडमधे व्होल्टेजची रेंज बारीक असते, १८० च्या आसपास आलं की तो बॅटरीवर जातो अन् संध्याकाळभर बॅटरी पिळून काढते. मग रात्री खरंच लाइट गेली की पंखा बंद अन् आईचं सुरू. म्हणून इन्व्हर्टर नॉर्मल मोडवरच ठेवला (त्यात चेंजओव्हर हळू, पीसी बंद पडते) अन् उलटं केलं, पीसी कितीही वेळा धाडकन बंद पडला तरी आपोआप उठला पाहिजे, कोणाला हात लावायला नको.

त्यासाठी बायोसमधे (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमधे) दोन गोष्टी. पॉवर लॉसनंतर काय करायचं ही सेटिंग "पॉवर ऑन" वर, अन् एरर आली तर कुठं थांबायचं ते "नो एरर्स" वर, नाहीतर कीबोर्ड नाही म्हणून एफ१ दाबा म्हणत बसून राहते अन् मॉनिटर नसल्यामुळं आपल्याला कळतही नाही. अन् हो, सीएमओएसची बॅटरी (या सेटिंगी जपणारा बोर्डवरचा बटणासारखा सेल), सीआर२०३२, आधी बदला. ती मेलेली असली तर मेन बंद झाला की या दोन्ही सेटिंग पुसल्या जातात अन् आपण डोकं खाजवत बसतो.

हार्डडिस्क काढून १२० जीबीचा एसएसडी टाकला. जुन्या बोर्डवर तो पूर्ण स्पीडनं चालत नाही, पण इथं स्पीड पाहिजे कोणाला, धक्क्यानं बंद पडल्यावर प्लेट खरवडायची भीती गेली एवढं पुरे. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, बिना डेस्कटॉपचं. गाण्यांचं वेगळं पार्टिशन केलं अन् ते एफस्टॅबमधे (कोणतं पार्टिशन कसं जोडायचं त्याची फाइल) रीड-ओन्ली, नुसतं वाचण्यापुरतं, माउंट केलं, म्हणजे लाइट जाताना त्याच्यावर काही लिहिणंच चालू नसते. नवीन कॅसेट टाकायची असली की तेवढ्यापुरतं रीड-राइट करतो. प्लगपासून एंटर दाबण्यालायक व्हायला साधारण अर्धा मिनिट लागते, तेवढ्यात बाबांचा तंबाखू मळून होते.

वाजवायला एमपीडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा बॅकग्राउंडला चालणारा प्लेयर आहे, त्याला स्वतःची खिडकी नसते, ६६०० पोर्टवर तो हुकूम घेतो, हुकूम फोनवरून द्या, कमांडलाइनवरून द्या नाहीतर स्क्रिप्टमधून. अशा कामाला यापेक्षा चांगलं मला तरी दिसलं नाही. डेबियनमधे तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच पीसीवरून आलेलं, ऐकतो, फोनवरून पण चालवायचं असलं तर बाइंड ॲड्रेस (कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग) बदलावा लागते. घरी नेट नाही, जुना वायफाय राउटर नुसता लोकल नेटवर्कसाठी लावून ठेवला, पोट्टे त्यावरून चालवतात.

एमपीडीची एक सेटिंग मात्र गावात राहणाऱ्यांनी नक्की लावा, रिस्टोअर पॉज्ड "यस". स्टेट फाइल (कोणतं गाणं कुठवर आलं याची नोंद) चालू असली तर एमपीडी रीस्टार्ट झाल्यावर जिथं होता तिथून परत वाजवायला लागतो. आता विचार करा, रात्री दहाला भजन चालू असताना लाइट गेली, इन्व्हर्टरपण उतरला, अन् अडीच वाजता लाइट आली. अख्ख्या गल्लीला काकड आरती! ही सेटिंग लावली की गाणं तिथंच उभं राहते, पण पॉजमधे. स्टेट फाइल दर दोन मिनिटांनी लिहिली जाते, म्हणजे फार तर तेवढंच मागं जाते.

कीपॅडची स्क्रिप्ट पायथॉनमधे, इव्हडेव्ह (बटणं थेट वाचणारी) लायब्ररी वापरून. आकडे गोळा करत जायचे, एंटर आला की तो नंबर घेऊन त्या नावाचा फोल्डर रांगेत टाकायचा अन् प्ले. अधिक-उणे आवाजाला, टिंब पॉजला, भागाकाराचं बटण मागच्या भजनावर, गुणाकाराचं पुढच्या. ९९९ एंटर म्हणजे नीट शटडाउन. इव्हडेव्हचा फायदा असा की तो कर्नलकडून येणारा थेट कीकोड वाचतो, नमलॉक चालू का बंद याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, हाच झगडा साध्या पद्धतीत लय होते. डिव्हाइस ग्रॅब करायला (कीपॅड फक्त आपल्या स्क्रिप्टच्या ताब्यात घ्यायला) विसरू नका, नाहीतर सगळे आकडे मागं लॉगिन प्रॉम्प्टमधे जाऊन टाइप होत राहतात. अन् लिनक्स कीपॅडला देते त्या इव्हेंट नंबरवर विसंबू नका, तो रीबूटला बदलू शकते, बाय-आयडी वाला (कीपॅडच्या नावाचा, न बदलणारा) पाथ घ्या.

फोल्डरचं नाव म्हणजे कॅसेटचा नंबर, तीन आकडी, ०३७ असं. आतल्या फाइलींची नावं मराठीत, युनिकोडमधे. काळ्या कन्सोलवर ती चौकोनं दिसतात, कारण त्या फॉन्टमधे देवनागरीची सोयच नाही, पण फोनवर बरोबर दिसतात.

आवाजाचं सांगतो. अँप (अँप्लिफायर) माझाच जुना, ४४४० आयसीचा, १२ व्होल्टवर चालणारा, ज्यांनी ज्यांनी सोल्डरिंग गन हातात धरली त्यांनी हा एकदा तरी बनवलाच असेल. स्टिरिओत चॅनलला ६ वॉट, ब्रिज केला (दोन्ही चॅनल एकाच स्पीकरला जोडले) तर १९. ओसरीला ६ वॉट भरपूर होते. पण पीसीला जोडल्याबरोबर घूंऽऽ सुरू, अन् कॅबिनेटला उलटा हात लावला तर मुंग्या. हे पीसी खराब असल्यामुळं होत नाही. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) तोंडाशी फेज अन् न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला एकेक छोटा कॅपॅसिटर असते, अर्थिंग नसली की कॅबिनेट मधल्यामधे लटकते, ११५ व्होल्टच्या जवळपास. करंट एकदम कमी असते म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण तेच ऑडिओच्या वायरीतून अँपमधे घुसते.

आमच्या घराला अर्थिंग होती, कागदावर. मीठ-कोळसा टाकून गाडलेला पाइप, पण काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की पाइपाच्या भोवती हात जाईल एवढी भेग, मातीचा न् पाइपाचा संबंधच राहत नाही. खड्डा उकरून परत मीठ-कोळसा भरला, तोंडाशी फुटका माठ बसवला अन् दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी. मुंग्या बंद, घुंघुं पाऊणपट कमी. उरलेली मधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाकून गेली, तो म्हणजे दोन लहान ऑडिओ ट्रान्सफॉर्मर एका डबीत. काही जण प्लगची तिसरी पिन तोडून घूं बंद करतात, ते करू नका राजेहो, लेकरं हात लावतात त्या डब्याला.

आता कॅसेट भरण्याचं काम, जे सगळ्यात हळू चालू आहे, कारण ९० ची कॅसेट म्हणजे दीड तास, त्याला काही शॉर्टकट नाही. डेकचा (कॅसेट प्लेयरचा) लाइन आउट पीसीच्या निळ्या जॅकमधे, गुलाबी जॅक माइकचा आहे तिथं घातलं तर आवाज फाटते. अल्सामिक्सरमधे (लिनक्सच्या आवाजाच्या सेटिंगमधे) लाइनला कॅप्चर करा, एमएम दिसलं तर म्यूट आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मिनिटाला साधारण १० एमबी, नंतर फ्लॅक केलं (क्वालिटी न घालवता फाइल लहान केली) की निम्म्याच्या आसपास येते. ऑड्यासिटी माझ्या लॅपटॉपवर, कापाकापी तिथं.

खरी मजा हेडच्या स्क्रूत आहे. डेकच्या हेडला एका बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असते, त्यानं हेडचा तिरपेपणा बदलते. कॅसेट ज्या टेपवर भरली तिचं हेड जरा तिरपं असलं तर आपल्या डेकवर तिचा बारीक आवाज मरते, सगळं घोंगडीआडून ऐकू येते. लोक यासाठी टेस्ट टेप शोधतात. आपल्याकडं खंजिरी आहे! हेडफोन लावा, स्टिरिओचं मोनो करा, अन् स्क्रू एकदम थोडा थोडा, पाव आट्याहूनही कमी फिरवत जा. खंजिरीच्या झांजा आधी नुसत्या "खस खस" येतात, मग एका जागी अचानक "छन्" उघडते, अन् जरा पुढं गेलं की परत बुजते. ती जागा पकडायची. दर कॅसेटला वेगळी येते, मंडळाच्या कॅसेटी तर साइड बदलली तरी बदलतात, बहुतेक वेगवेगळ्या टेपवर भरलेल्या असतील. ३७ नंबरची "छन्" उघडल्याबरोबर बाबा आतून बाहेर आले, मागून झांज वाजवणारा कोण ते त्यांनी नावानिशी सांगितलं.

कॅसेटीच्या आत टेप हेडला दाबून धरणारा नमद्याचा बारका तुकडा असते, जुन्या कॅसेटीत त्याचा गोंद सुटून तो पडलेला असते. मग किती स्क्रू फिरवला तरी फायदा नाही. पाच स्क्रूवाली एखादी फालतू कॅसेट घ्या, तिच्या खोक्यात आपली रिळं हलवा, काम झालं.

नॉइज रिडक्शन मी जवळपास वापरतच नाही. जास्त मारलं की खंजिरीची धार जाते अन् आवाज बुळबुळीत होते, थोडी सरसर राहिली तर राहू दे. पण आवाजाची पातळी सारखी पाहिजे, एक कॅसेट कुजबुजते अन् दुसरी भिंत हादरवते, त्यासाठी रिप्लेगेनचे टॅग (फाइलीतच आवाज किती कमी-जास्त करायचा त्याची नोंद) टाकून एमपीडीत ते "अल्बम" वर ठेवलं. "ट्रॅक" वर ठेवलं तर आलाप न् गजर सारख्याच जोरात ऐकू येतात, भजनाची गंमतच जाते.

वीज किती खाते हा प्रश्न येणारच, घरी तर रोज येते. आईचं एकच, "मीटर कसं पयते पाह्य". ६० वॉट धरा, रोज ८ तास, म्हणजे अर्धा युनिटाला थोडं कमी, महिन्याचे १४-१५ युनिट. रास्पबेरी पाय घेतला असता तर हेच ४-५ वॉटमधे झालं असतं हे मान्य, पण तो विकत घ्यावा लागते अन् हा पडून होता. सध्या तह असा झाला आहे की दुपारी पीसी बंद, ९९९ बाबा स्वतः मारतात. तसंही मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की दुपारी त्याला बंद ठेवलेलंच बरं, पत्र्याच्या ओसरीत पंखा नुसती गरम हवाच फिरवते.

पुढचं काम, डेकचा बेल्ट ढिला पडला आहे, पट्टी संपत आली की आवाज लहरते, बेल्ट अमरावतीहून मागवला आहे, तो येईपर्यंत भरणं बंद. आणखी एक डोक्यात आहे, अँप आधीच १२ व्होल्टचा, तर पीसीच्या जागी १२ व्होल्टवर चालणारा जुना थिन क्लायंट (ऑफिसातला छोटा, कमी वीज खाणारा पीसी) टाकला तर सगळंच एका बॅटरीवर जाईल अन् इन्व्हर्टरची भानगडच संपेल. कोणी लावला असेल तर सांगा, बॅटरी चार्जिंगला असताना १४ व्होल्टच्या वर जाते, ते त्याला सहन होते का मधे रेग्युलेटर टाकावा लागते?