करंगळी आणि वीस नॅनोमीटरची फट

मंगळवार, रात्री उशिरा

पाणी प्यायला उठले आणि अंधारात पायाची करंगळी पलंगाच्या खुरावर आपटली. आधी नुसता धक्का कळला, लगेच सुईसारखी सणक. मग क्षणभर काहीच नाही. आज त्या क्षणाकडे मुद्दाम लक्ष दिलं. तो सरतो न सरतो तोच दुसरी कळ आली, ठसठसणारी, जळजळणारी, बराच वेळ न हटणारी.

मार एकच, पण निरोप नेणारे तंतू दोन जातींचे. सणक आणणाऱ्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं पातळ आवरण असतं. त्यांचा वेग सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर. ठसठस आणणारे तंतू बारीक आणि उघडे, सेकंदाला जेमतेम मीटरभर जाणारे. करंगळीपासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतरही सुमारे मीटरभरच. म्हणजे ती मधली शांतता ही दुसऱ्या निरोपाची वाटचाल होती.

आणि एवढी सगळी वाट एकाच पेशीची! शाळेच्या पुस्तकातली चेतापेशी झाडासारखी असते, एकीकडे फांद्या आणि दुसरीकडे लांब शेपूट. ही तशी नसते. पाठीच्या कण्यालगत तिचा इवलासा पेशीकाय, म्हणजे पेशीचा मुख्य गोळा, असतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा. त्यातून एकच देठ निघतो आणि त्याचे दोन फाटे होतात: एक थेट करंगळीच्या कातडीपर्यंत, दुसरा मज्जारज्जूत.

या तंतूतून निरोप तारेतल्या विजेसारखा वाहत नाही. पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. पेशीच्या पटलातली, म्हणजे तिच्या पातळ वेष्टनातली, दारं उघडली की सोडियम आत घुसतं, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडतं, आणि त्या उलथापालथीने शेजारची दारं उघडतात. असा पुढे सरकणारा विजेचा ठोका म्हणजे स्पंद. आपटणं जोराचं असलं तरी तो मोठा होत नाही, तेवढाच राहतो. फक्त स्पंदांची संख्या वाढते. माझी एवढी मोठी कळ म्हणजे सारख्याच आकाराच्या ठोक्यांची गर्दी होती, हे अजून पचत नाही.

मज्जारज्जूत मात्र वाट तुटते. पुढची पेशी समोरच असते, पण मध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट. स्पंद टोकाला पोचला की कॅल्शियम आत शिरतं, सूक्ष्म पिशव्या पटलाला चिकटून फुटतात, त्यांतलं ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन फटीत सांडतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या रेणूंना, जाऊन भिडतं.

या फटीवरून केवढा वाद झाला! इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जींच्या मते सगळं चेताजाल सलग होतं. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी गॉल्जींचीच चांदीची रंगपद्धत वापरून पेशी सुट्या असल्याचं दाखवलं. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गॉल्जींनी आपल्या भाषणात सुट्या पेशींची कल्पना नाकारलीच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फट स्पष्ट दिसली ती 1950 च्या दशकात. काहाल तर 1934 मध्येच गेले होते. त्यांना ती दिसायला हवी होती, असं मला फार मनापासून वाटतं.

ही फट म्हणजे वाटेतला अडथळा नव्हे. निरोपात फेरफार होतो तो इथेच. करंगळी आपटल्या आपटल्या मी ती चोळायला लागले, कुणी न शिकवता. चोळण्याचा स्पर्श जाड, वेगवान तंतूंनी येतो आणि मज्जारज्जूतल्या मधल्या पेशींना जागं करतो. या मधल्या पेशी वेदनेचा पुढे जाणारा निरोप दाबतात. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये हे 'दाराच्या' रूपकातून मांडलं. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

आत्ता लिहितानाही डावा हात करंगळीवरच आहे. पान उलटायला तो उचलला की दोन-चार क्षणांत ठसठस परत येते.