चढावर गाडीचा दम गेला तर पहिले धूर पाहा

लोड गाडीचा दम चढावर एकदम गेला ना, की आपल्याकडं दोनच गोष्टी ऐकू येतात, टर्बो (इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा) गेला, नाहीतर डिझेलचा पंप उतरवा. दोन्ही काम खर्चाचे, आन संत्र्याच्या सीजनमध्ये गाडी गॅरेजवर उभी राह्यली तर मालाचं काय होते हे वरुड-मोर्शीवाल्यांना सांगाची गरज नाही. म्हणून म्हणतो भाऊ, पाना लावाच्या आधी धूर पाहा.

आपली पिकअप जुनी आहे, टर्बो डिझेल. आंबिया बहाराची संत्री घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटले चालली होती, तळेगावच्या पुढं सत्याग्रही घाट लागला, चांगली चढत होती आन बोनेटखालून फट्टकन आवाज आला, त्यानंतर दम गायब. रेस पूर्ण दाबली तरी उठेना, मागं नुसता काळा धूर. टेम्परेचरचा काटा जागेवर, ऑइलचा लाइट नाही. मग हळूहळू वर काढली आन सपाटीवर बाजूला लावली.

काळा धूर म्हणजे डिझेल येऊन राह्यलं पण ते जळायले हवा पुरून नाही राह्यली. डिझेलच कमी येत असलं, म्हणजे फिल्टर चोक किंवा टाकीत कचरा, तर असा धूर निघत नाही, गाडी झटके खाते आन लोडवर बसते. टाकीतल्या कचऱ्याची खूण अजून वेगळी, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की मस्त चालते आन जरा पुढं गेलं की पुन्हा तेच, कारण जाळीला ओढून बसलेला कचरा बंद केल्यावर सुटतो. निळा धूर दिसला तर ऑइल जळून राह्यलं, तिथं टर्बोच्या सीलवर संशय घ्या आन गाडी बिलकुल पळवू नका. आरपीएम चढते पण स्पीड वाढत नाही, तर इंजिनाले हात नका लावू, क्लच प्लेट पाहा.

आपल्याकडं धूर काळा, म्हणजे हवेच्या रस्त्यावर शोधाचं. पहिले एअर फिल्टर काढला, कारण कापूस जिनिंगवर नेला की त्यात धूळ आन कापसाची रुई बसते. तो बरा होता. तसंही फिल्टर हळूहळू चोक होते, फट्टकन आवाज करून नाही. आवाज झाला म्हणजे टर्बोच्या पुढचा पाइप.

आता इथंच लोक फसतात. न्यूट्रलमध्ये रेस देऊन पाहतात, पाइप चांगला दिसते, आन मग बिचाऱ्या टर्बोवर नाव येते. बिना लोडचं टर्बो प्रेशर बनवतच नाही तेवढं, चीर उघडणार कशी? गाडी थंड होऊ दिली आन टर्बोपासून इंटरकूलरकडं (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी होजवर, म्हणजे पाइपावर, खालून बोट फिरवलं. एका जागी बोटाला तेलकट काळा चिखल लागला, बाकी होज कोरडा. पाइपातून ऑइलची बारीक वाफ जातच असते, ती चिरीतून बाहेर फेकल्या जाते आन तिच्यावर धूळ बसते. तिथं होज दाबला तर क्लिपच्या अगदी बाजूला चीर, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब.

होज निघालाच होता तर एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा पाइप पण काढला आन टर्बोचा शाफ्ट (पात्यांचा दांडा) बोटानं फिरवून पाहिला, मोकळा फिरला. बाजूला किंचित हलते ते चालते, पण आतबाहेर खेळ लागला आन पाती घासल्याच्या खुणा दिसल्या तर समजा टर्बो खरंच गेला.

जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वर क्लिपा आवळल्या आन रेस न देता माल कळमन्याला पोचवला. नंतर नवा होज टाकला. त्यासोबत इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ते रबरी माउंटिंग) पण बदलून घेतलं, रबर बसलं होतं, गिअर टाकला की इंजिन हलायचं आन ते सगळं ओढणं त्या होजवर येत होतं. तेवढं राह्यलं असतं तर नवाही तिथंच फाटला असता.