अकरा दिवसांच्या बाळाच्या कानात अळ्या : माझा अनुभव

त्या रात्री बाळ दर दहा मिनिटांनी दचकून रडत होतं. अंगावर घेतलं की दोन घोट प्यायचं, तोंड सोडायचं आणि पुन्हा किंचाळायचं. पोटात दुखत असेल म्हणून आम्ही दोघांनी आळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन रात्र काढली. सकाळी डोक्याखालच्या दुपट्यावर नखाएवढा गुलाबी डाग दिसला. दूध ओघळलं असेल म्हणावं, तर दुधाला गुलाबी रंग कुठून येणार? उजव्या कानाशी नाक नेलं, तर सडका वास.

मोबाइलचा टॉर्च लावला. कानाच्या भोकाशी तांदळाच्या कणीसारखं पांढरं काहीतरी होतं. उजेड पडताच ते आत सरकलं. माझे हातपाय गळाले.

घरात कुणी म्हणालं तेल सोड, कुणी इअरबडने काढ. मी कानाला हात लावू दिला नाही आणि आम्ही तडक कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. तेच बरं झालं. पडदा फाटलेला असेल तर वरून घातलेलं काहीही थेट मधल्या कानात उतरतं, आणि बडने अळ्या आणखी आत ढकलल्या जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाळाला चादरीत घट्ट गुंडाळलं, सिस्टरनी डोकं धरलं आणि डॉक्टर मायक्रोस्कोपमधून पाहू लागले. माशीच्याच अळ्या होत्या. या अळीच्या तोंडाशी आकडे असतात आणि अंगावर बारीक काटे, त्यामुळे ती कातडीला चिकटून बसते. ओढली तर तुटून अर्धी आत राहू शकते. पण ती श्वास घेते मागच्या टोकाने. औषधाच्या थेंबांनी तिथली हवा तुटली की ती स्वतःच बाहेरच्या बाजूला सरकते, आणि मग तिला चिमट्यात धरायचं. अशा सहा निघाल्या. वाटीतली एक मी नीट पाहिली. मागच्या टोकाला दोन तपकिरी ठिपके होते. तीच तिची श्वासाची भोकं.

मी रडत विचारलं, "माझ्या हातून स्वच्छता राहिली नाही का?" डॉक्टर म्हणाले, "ताई, माशीला काही क्षण पुरतात. ओल आणि वास मिळाला की ती बसते. मोठं माणूस हाताने हाकलतं, याला हात तिथवर नेताच येत नाही. काही माश्यांची अंडी दिवसभरात उबतात, काही तर थेट जिवंत अळ्याच सोडतात." तेव्हा मला ती दुपार आठवली. आडवं पडून पाजताना माझा डोळा लागला होता आणि जागी झाले तेव्हा बाळाच्या गालावरून दूध कानात ओघळलं होतं. खिडकी उघडी होती.

एवढं लहान बाळ म्हणून दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक दिलं. मला वाटलं होतं, सहा निघाल्या, संपलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा सातवी सापडली, आतल्या घडीत दडलेली. एकदा काढून घरी पाठवत असतील तर दुसऱ्यांदा तपासायला नक्की सांगा, हे मी भेटेल त्या आईला कळकळीने सांगते. तिसऱ्या दिवशी कान स्वच्छ होता. कानाच्या नळीची कातडी सोललेली होती, पण पडदा शाबूत. आत शिरकाव झाल्याची शंका असती तर स्कॅन करावा लागला असता, तो टळला.

आता पाजताना बाळाचं डोकं उंचावर धरते आणि पाजून झालं की कानाची पाळ आणि मागची घडी मऊ कोरड्या कापडाने टिपते. भोकात काही घालत नाही. दिवसाही मच्छरदाणी असते.

काही आठवड्यांनी श्रवणचाचणी झाली. बाळ मांडीवर झोपलेलं होतं. उजव्या कानात छोटीशी नळी ठेवली आणि मी श्वास रोखून त्या यंत्राकडे पाहत बसले. पास. मग डावा कान. तोही पास.