वस्तीत जाण्याआधीची वीस मिनिटं

आज वस्तीतलं काम संपवून परतलोय. आपल्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहावंसं वाटलं.

कामाला निघण्याआधी वीस मिनिटं बसा. पहिली दहा आनापानसती: नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास फक्त जाणायचा, लांब करायचा नाही. मन पळालं की चिडू नका, परत आणा. पुढची दहा मिनिटं मेत्ता, म्हणजे मैत्रीभावना: मनापासून भलं चिंतायचं. आधी स्वतःसाठी, मग जवळच्या माणसासाठी, मग तटस्थ माणसासाठी (रोजचा रिक्षावाला, दुकानदार) आणि शेवटी ज्याच्याशी खटकतं त्याच्यासाठी. थेट शेवटच्या माणसापासून सुरुवात केली तर राग उफाळतो. नेमकी इथेच बहुतेकांची गाडी अडते.

पाली भाष्यकार बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितलेत: दूरचा म्हणजे उघड विरोधी, विहिंसा (क्रूरता); जवळचा म्हणजे करुणेसारखाच दिसणारा, शोक. हा जवळचा शत्रू फार फसवा! समोरच्याचं दुःख पाहून आपणच कोलमडतो आणि त्यालाच करुणा समजतो. मग तीन महिन्यांत कार्यकर्ता थकून घरी बसतो. त्यावर उपाय म्हणजे ऐकता ऐकता तळपाय जमिनीला टेकलेले जाणवत ठेवणं, आणि दोन घरांच्या मध्ये तीन पूर्ण श्वास.

व्हिएतनाममध्ये युद्ध चालू असताना तिथले बौद्ध भिक्खू थिच न्हात हान्ह यांनी तरुण समाजसेवकांना हेच शिकवलं. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेली गावं उभारणारी ही मुलं; त्यांनी आठवड्यातला एक दिवस सजगतेसाठी राखावा, असा त्यांचा आग्रह होता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही अष्टांगिक मार्ग आहे आणि प्राणिमात्रांवरची दयाही. सम्यक स्मृती, म्हणजे हीच सजगता, त्या मार्गातलंच एक अंग.

उद्या सकाळी साडेसातला विहारात बसू. आसन आणा, मोबाईल बंद.