रतनवाडीची राई : एप्रिलअखेरची नोंद

या वेळची फेरी मुद्दाम उन्हाळ्यात ठेवली. पावसाळ्यात सह्याद्रीत सगळंच हिरवं असतं, गवतापासून दगडावरच्या शेवाळापर्यंत. त्यात सदाहरित रान कुठलं आणि पानझडी कुठलं, ते नजरेला कळत नाही. एप्रिलमध्ये डोंगर वाळून तांबूस झाला की जे काळपट हिरवं उरतं, तेच आपण शोधतोय ते रान. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठून रतनगडाकडे पाहिलं की हे पट्टे स्पष्ट दिसतात. ते ओढ्यांच्या घळींतून वर चढतात आणि कड्याच्या बुडाशी पसरतात. जिथे माती खोल आणि ओल टिकलेली, तिथेच ते आहेत.

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा सुमारे ७० किमी. पुढे जलाशयाला वळसा घालून रतनवाडी. हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर शुल्क भरावं लागतं. अमृतेश्वराचं देऊळ मागे टाकलं की वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते आणि थोड्याच वेळात रानात शिरते.

आपल्या नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे त्याच्या कितीतरी पट, हजारांत मोजावा असा. एवढ्या पावसात केरळासारखं उंच, दाट वर्षावन का नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर पावसाच्या आकड्यात नाही, कोरड्या महिन्यांत आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना सह्याद्रीतला कोरडा काळ लांबत जातो. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने झाडांनी साठलेल्या ओलीवर काढायचे. म्हणून इथलं रान निमसदाहरित (बहुतेक झाडं बारमाही हिरवी, काही पानं झाडणारी), बुटकं, आणि जाड चामडी पानांचं.

पानावरून अंजनाचं झाड आता मला लांबूनही ओळखू येतं. समोरासमोर पानं, मधली शीर सोडली तर बाकीच्या शिरा जवळपास दिसतच नाहीत. फुलोरा ओसरत आला होता, तरी काही फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटून होते. जांभूळ ऐन मोहरात, त्यावर मधमाश्यांचा एकसारखा गुंजारव. पिसा या झाडाच्या बाबतीत मात्र खात्री व्हायला वेळ लागला. फांदीच्या टोकाला पानांचा घोळका आणि पानाची पाठ पांढुरकी, या दोन खुणा जुळल्या तेव्हा वहीत नाव लिहिलं. अंजन, जांभूळ, पिसा हे त्रिकूट म्हणजे उत्तर सह्याद्रीतल्या या रानाची ओळखच. मधूनमधून हिरडा आहे, पण तो पानं झाडणारा. त्याची नवी पालवी कोवळी, पोपटी, लगेच वेगळी दिसते.

सगळ्यात जास्त वेळ मी रानाच्या कडेला घालवला. बाहेरच्या उतारावर वणवा येऊन गेला होता. काळी राख थेट राईच्या काठापर्यंत, आणि तिथे ती थांबलेली. आत सावलीमुळे गवत उगवतच नाही आणि पाचोळ्याचा खालचा थर दमट राहतो, म्हणून आगीला पुढे सरकायला काही मिळत नाही. पण काठावरची रोपं होरपळली होती. दरवर्षी असं झालं तर राई आतल्या आत आक्रसत जाणार. गवत चांगलं यावं म्हणून उतार पेटवणारे आणि विडी टाकून जाणारे, दोघांनाही हा काठ दाखवायला हवा असं फार वाटतं.

पुढे वाट फुटते. एक कात्राबाईच्या खिंडीकडे, एक गडावर. गडावरच्या शिड्या, गणेश दरवाजा, नेढं (कातळातलं आरपार भोक) यांबद्दल सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे या नोंदीत ते घेत नाही. परतताना एका डोहाशी कस्तूर पक्ष्याची शीळ ऐकू आली आणि आम्ही बराच वेळ हललो नाही.

त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरी डोंगराशी तुलना कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो: अंजनेरीचं वैभव मुख्यतः उघड्या पठारावर आणि कातळावर आहे, कंदिलाच्या आकाराच्या फुलांच्या कंदीलपुष्प वेलींसारखं. ते पाहायला पावसाळाच हवा. राईसाठी मात्र मार्च ते मे. पाणी प्रत्येकी निदान तीन लिटर न्या आणि उजाडताच चढायला लागा.

पुढची फेरी मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर. त्याआधी काजव्यांसाठी जी गर्दी होते, तिच्यात रानाकडे नीट बघणं जमत नाही. जाणार असाल तर गाडीचे दिवे आणि बॅटरी बंद ठेवा, उजेडात काजव्यांना जोडीदाराची लुकलुक दिसत नाही. मला बघायची आहेत ती जांभळाची रोपं. जांभळाचं बी वाळलं की मरतं, त्यामुळे पिकून पडल्यावर त्याला लगेच ओल मिळावी लागते. होरपळलेल्या काठावर ती रुजतात की फक्त आतल्या सावलीत, हे टप्प्याटप्प्याने मोजायचं आहे. दोरी आणि खुंट्या मी आणतो; कोवळ्या रोपांची ओळख ज्यांना पक्की आहे, त्यांनी नक्की सोबत यावं.